बाईसाहेबांचा डावा बूट

टाकेमामांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या हातभर दुकानात ते चाळीस वर्षं खाली मान घालून चपला-बूट शिवत बसले होते, त्यामुळे जगाशी त्यांची ओळख झाली ती गुडघ्याखालूनच. सख्खा मेहुणा एकदा नवे बूट घालून आला, तर मामा म्हणाले, "बसा साहेब, काय करून देऊ?" मेहुणा चार महिने बोलला नाही. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे त्याच्याशी गप्पा मारत बसले होते आणि मामा दाराबाहेर त्याच्या चपला पालथ्या करून तळ बघत होते. "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. मुलगा सरळ आहे," असा निकाल देऊन ते आत आले आणि मग कुठे त्यांनी त्याचं नाव विचारलं.

त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी घातलेला टाका उसवत नाही, म्हणून ते टाकेमामा. या नावाचा त्यांना फार अभिमान होता.

एके दिवशी सकाळी दुकानापुढे चिखलाने माखलेले दोन गमबूट येऊन उभे राहिले.

"उजव्या पायावर भार टाकता तुम्ही," मामा मान वर न करता म्हणाले. "कंबर दुखत असेल."

"दुखते," गमबुटांच्या वरून एका बाईचा आवाज आला. "पण मी माझ्यासाठी नाही आले. मला एक बूट शिवून हवाय. डावा."

"आणि उजवा?"

"उजवा ठीक आहे. मागचे दोन्हीही ठीक आहेत."

आता मात्र मामांनी मान वर केली.

बाई प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टर होत्या. तिथल्या म्हाताऱ्या हत्तिणीच्या पुढच्या डाव्या पायात खिळा घुसला होता. खिळा निघाला, पण जखम चिघळली. औषध लावून पट्टी बांधली की हत्तीण ती सोंडेने अलगद सोडायची, बाजूला ठेवायची आणि पाय पुन्हा चिखलात घालायची. डॉक्टरीणबाईंनी शहरातली सगळी मोठी दुकानं पालथी घातली होती. कुणी हसलं, कुणी त्यांनाच डॉक्टरकडे जायला सांगितलं.

मामांनी घरी ही बातमी सांगितली तेव्हा मामी भाजी निवडत होत्या. "माणसांचे बूट तुम्ही तीन-तीन आठवडे लटकवून ठेवता," त्या म्हणाल्या. "माणूस दारात येऊन भांडतो, आपण ऐकून घेतो. हत्ती आला तर दार राहील का?"

"हत्ती नाही, हत्तीण आहे."

"मग तर बघायलाच नको!"

दुसऱ्या दिवशी मामा माप घ्यायला गेले. त्यांची नेहमीची टेप पुरणारी नव्हती, म्हणून मामींची शिवणकामाची टेप न विचारता खिशात घातली. हत्तिणीचा माहूत उंचापुरा, मिशाळ गृहस्थ होता आणि तो तिला 'बाईसाहेब' म्हणायचा. "बाईसाहेब, पाय!" असं त्याने म्हणताच तिने डावा पाय उचलून एका ओंडक्यावर ठेवला. मामांनी तळव्यावरून हात फिरवला. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो पाय हाताळले होते, पण असा नाही. वरून खांब, खालून गादी.

"ही गादी टाचेखाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतली हाडं बघाल तर ती चवड्यांवर उभी असते."

मामांचा हात थांबला. "म्हणजे ही उंच टाचा घालूनच जन्माला आलीय? एवढं वजन घेऊन?" उंच टाचांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. "हिची कंबर दुखत नाही का हो?"

पायाचा घेर चार फुटांना दोन बोटं कमी भरला. मामांनी आठ दिवस खपून जाड चामड्याचा बूट शिवला, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने. तो घालायच्या दिवशी संग्रहालयातले निम्मे लोक काम टाकून बघायला आले. पाय ओंडक्यावर होता तोवर बूट असा बसला की मामांनी स्वतःच "वा!" म्हटलं. मग बाईसाहेबांनी पाय जमिनीवर टेकला, त्यावर भार दिला, आणि टर्र असा आवाज झाला. बूट शिवणीतून उभा फाटला.

टाकेमामांचा टाका उसवला होता, तोही चारचौघांत.

"उचललेला पाय आणि टेकलेला पाय, दोन्हींची मापं वेगळी," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "भार पडला की ती गादी पसरते. मला सांगायचं सुचलं नाही."

"तुम्ही कशाला सांगायला हवं? उभं करून माप घ्यायचं हे पोरालाही कळतं," मामा म्हणाले. "मीच तिला माणसासारखं उभं करायला कचरलो." त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. टेपेला हत्तीचा वास येतोय म्हणून मामी ओरडल्या, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

दुसरा बूट त्यांनी ईर्षेने शिवला. बाईसाहेबांना पुठ्ठ्यावर उभं करून भोवती खडूची रेघ ओढली. तळाला टायरचं चार बोटं जाड रबर लावलं. हा बूट फाटणं शक्यच नव्हतं आणि तो फाटलाही नाही. मामा छाती पुढे काढून घरी आले.

तिसऱ्या दिवशी माहूतच दुकानात हजर. "मामा, बाईसाहेब रुसल्यात. खात नाहीत, सारखा तो पाय आपटतात. आणि मला ओळखेनाशा झाल्यात हो!" एवढ्या मोठ्या मिशा, पण त्या थरथरत होत्या. "मी फाटकातून आत आलो की भिंतीआड असूनही त्या वळून उभ्या राहायच्या. वीस वर्षं! आता मी जवळ जाऊन उभा राहिलो तरी दचकतात."

मामा तसेच उठून गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. हत्ती नुसते कानांनी ऐकत नाहीत, त्या म्हणाल्या. लांबवरचा हादरा, जड पावलं, दुसऱ्या हत्तीचं जमिनीतून आलेलं घुमणं, हे सगळं त्यांना पायातून कळतं. नीट ऐकायचं असलं की ते पुढच्या पायांवर भार देऊन स्तब्ध उभे राहतात, आणि त्यातला एक जरी बंद झाला तरी सगळा गोंधळ होतो.

"थोडक्यात," त्या म्हणाल्या, "मामा, आपण तिच्या कानात बोळा घातलाय."

टाकेमामा खाली बसले. त्यांना आपलं दुकान आठवलं. खालच्या लाकडी फळीला गिऱ्हाइकाचं पाऊल लागलं की त्यांना न बघता कळायचं, कोण आलं. पावसाळ्यात मामींनी त्या फळीवर जाड गोणपाट अंथरलं होतं, तेव्हा दोन दिवस त्यांचं डोकं उठलं होतं. तिसऱ्या दिवशी भांडून त्यांनी ते काढून टाकलं होतं.

"काढा तो बूट," ते म्हणाले. "आणि मला जखम पुन्हा दाखवा."

जखम तळव्याच्या मागच्या भागात होती. बोटांकडची बाजू ठणठणीत होती. मामांनी तिसऱ्या वेळी बूट शिवलाच नाही, सँडल शिवली. पुढून उघडी, मागून बंद. तळाला रबर नाही, कमावलेल्या मऊ चामड्याचा एकच थर, जखमेभोवती उंच कडं आणि घोट्याशी तीन पट्टे. पट्ट्यांची बक्कलं त्यांनी मागे लावली, तिथे सोंड पोचायला वळसा पडतो.

सँडल चढली. बाईसाहेबांनी पाय टेकला, उचलला, परत टेकला. मग पुढे झुकून त्या इतक्या निश्चल उभ्या राहिल्या की मामांनी श्वास रोखला. माहूत फाटकाबाहेर जाऊन परत यायला निघाला होता. भिंतीआडून तो दिसत नव्हता, त्याचा आवाजही येत नव्हता. बाईसाहेबांनी कान पसरले आणि सावकाश फाटकाकडे तोंड वळवलं.

माहूत भिंतीला वळसा घालून आला, तिला आपल्याकडे बघताना पाहिलं आणि डोळ्यांत कचरा गेल्याचं नाटक करत उभा राहिला.

तीन महिन्यांनी जखम भरली. सँडल काढायच्या दिवशी मामा ठेवणीतला सदरा घालून गेले. शेवटचं बक्कल सुटताच बाईसाहेबांनी सँडल सोंडेत उचलली, क्षणभर हुंगली आणि तळ्यात भिरकावून दिली. बुडबुडे आले आणि संपले.

"तीन महिन्यांत एक टाका उसवला नाही हो तिचा!" मामा कळवळले.

"मामा, प्लॅस्टर काढल्यावर कोण जपून ठेवतं?" माहूत म्हणाला.

मामा आठवडाभर धुसफुसत होते. पण सुट्टीच्या दिवशी पाय तिकडेच वळले, आणि ते आत शिरले तर बाईसाहेब त्यांच्याच दिशेने तोंड करून उभ्या. "तुमचं पाऊल ओळखतात," माहूत छातीठोकपणे म्हणाला. डॉक्टरीणबाईंचं मत पडलं की वासही असेल, वारा तिकडचाच आहे, खात्रीने कसं सांगणार?

मामांना खात्रीच हवी होती. मग ते दर सुट्टीला चाल बदलून जाऊ लागले. एकदा लंगडत, एकदा पोलिसासारखे पाय आपटत, एकदा जावयाचे बूट घालून. बाईसाहेब दर वेळी वळल्या. शेवटी एकदा ते मामींच्या चपला घालून चवड्यांवर तुरुतुरु चालत गेले. वारा उलटा होता, दबा धरायला भिंत होती, पण काही उपयोग झाला नाही. भिंतीच्या टोकाशी सोंड त्यांची वाट बघत होती.

"आता पटलं ना?" माहूत म्हणाला.

मामांना पटलं. मामींना मात्र त्या दिवशी चपलांचे दोन्ही अंगठे उसवलेले सापडले. दुरुस्तीला त्यांनी त्या मामांच्याच दुकानात टाकल्या आहेत, त्याला आता तिसरा आठवडा लागलाय.