पहिला प्रश्न शैलाचा

फोनवर शैलाचं नाव दिसलं तेव्हा मी तो मुद्दामच वाजू दिला. म्हटलं, आली वाटतं वठणीवर. त्या चर्चासत्रानंतर आमच्यात अबोला होता आणि माफी तिनं मागायची होती. पुन्हा वाजला तेव्हा उचलला, तर तिचा मुलगा बोलत होता. "मावशी, आई गेली... झोपेतच." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. राग तेवढा आठवतो. आता भांडायचं कुणाशी?

शैला आणि मी जबलपूरच्या एकाच कॉलेजात शिकवत होतो. ती अमेरिकेचा इतिहास, मी अमेरिकन साहित्य. अमेरिका दोघींनीही पाहिली नव्हती, पण भोपाळ, सागर, नागपूर, कुठेही अमेरिकेवर चर्चासत्र असलं की पत्रिकेत आमची नावं असायचीच. आपल्याकडे अध्यक्षांनी "काही प्रश्न?" म्हटलं की अख्खा हॉल मान खाली घालतो. मी कॉलेजात नवीन होते, तेव्हा माझ्या पहिल्या भाषणानंतर तसंच झालं. तेव्हा मागून एक अनोळखी बाई उठली आणि तिनं प्रश्न विचारला. ती शैला. तेव्हापासून ठरूनच गेलं, एकीचं भाषण झालं की पहिला प्रश्न दुसरीचा, आणि तोही आधी ठरवलेला. तिच्या स्कूटरवर मागे बसून मी राइट टाउनच्या गर्दीत प्रश्न सांगायची आणि ती मान न वळवता ओरडायची, "इतका सोपा काहून? लोक म्हणतील, शैलाला अक्कल नाही. अच्छा चलो, विचारते."

तिचं घराणं मराठ्यांच्या अमदानीत इथे आलेलं. पणजोबांच्या गोष्टी ती कुठेही सांगायची आणि लोक कौतुकानं ऐकायचे. आम्ही बौद्ध, कामाच्या शोधात नागपूरकडून आलेले. आमच्या घरच्या गोष्टी निघाल्या की ऐकणाऱ्यांचे चेहरे कसे बदलतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझ्या आईनं विड्या वळून मला शिकवलं, हे मी एकट्या शैलाला सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात, वाटाणे सोलता सोलता...

मागच्या चर्चासत्रात मी अमेरिकेतल्या काळ्या कष्टकरी स्त्रियांच्या आत्मकथनांवर बोलले. जीव ओतून बोलले. ठरलेला प्रश्न त्या बायकांना चर्चनं दिलेल्या आधाराविषयी होता. शैलानं माइक घेतला आणि म्हणाली, "मैडम, आपकी माँ ने बीड़ी बनाकर आपको पढ़ाया। वो इस पेपर में क्यों नहीं हैं?" मागे खुर्च्या सरकल्या. कुणीतरी "वाह" म्हणालं. मी अध्यक्षांकडे पाहून "अगला प्रश्न" एवढंच बोलू शकले. बाहेर ती स्कूटरपाशी उभी होती. "रागावून राहिली काय? अगं, सगळ्यात चांगला प्रश्न होता तो."

"गोष्ट माझी होती, शैला. तुला फक्त सांगितली होती," मी म्हटलं आणि ऑटो थांबवली.

प्रश्न चांगला होता, हेच तर सहन होत नाही. फालतू असता तर केव्हाच विसरले असते. पण आईविषयी कधी बोलायचं, कुणापुढे बोलायचं, की मरेपर्यंत बोलायचंच नाही, हे मी ठरवणार होते. तिनं माझा विश्वासघात केला आणि जाब द्यायच्या आधीच निघून गेली. तेराव्याला जो तो तिच्या मोकळ्या स्वभावाचे गोडवे गात होता. मला रडू आलं, आणि रडतानाही तिचाच राग येत होता.

पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये तिच्या स्मरणार्थ व्याख्यान आहे. वक्ता मी. आयोजक प्राध्यापकांनी विषय विचारायला फोन केला. मी सांगितलं, विषय तोच, पण या वेळी आई त्यात आहे. सुरुवातच तिच्या तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांपासून केली आहे. अट एकच, नंतर प्रश्नोत्तरं ठेवायची नाहीत.

त्यांनी विचारलं, "पर मैम, किसी को कुछ पूछना हो तो?"

"जिसे पूछना था," मी म्हटलं, "वो पूछ चुकी।"