रिफतचा बंद पडलेला वर्ग

आमचा रिफत परकार महाडचा. कतारमधल्या आमच्या बांधकाम कंपनीत तो फोरमन लोकांना शिकवायचा. हेल्मेट, सुरक्षेचे पट्टे वगैरे झालं की एक वर्ग रंगावरून होणाऱ्या अपमानाबद्दल असायचा. त्यात प्रत्येक फोरमनला आपल्या हाताखालच्या माणसांची नावं तोंडपाठ म्हणून दाखवावी लागत. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेतल्या ज्या राज्यात आहे, तिथे असलं काही शिकवण्यावर कायद्याने बंधनं आली. कायदा तिथला, पण आमच्या घाबरट साहेबांनी इथलाही वर्ग खलास केला. रिफत भांडला. त्याला उत्तर मिळालं, "लोकांना उगाच अपराधी वाटतं."

वाटू दे की मेल्यांना.

परवा समैस्मा गावातल्या साइटवर फोरमन गिरीशने घानाहून आलेल्या एका नव्या कामगाराला "ए काळ्या" अशी हाक मारली. तो मुद्दाम वळला नाही. गिरीशने परांचीचा लोखंडी पाईप उचलला आणि मागून त्याच्या डोक्यात घातला. माणूस जागीच कोसळला, वाळू रक्ताने भिजली.

अँब्युलन्सवाल्याने त्याचं नाव विचारलं. कुणालाच सांगता येईना. रिफतने गिरीशकडे पाहिलं.

"आम्ही काळ्याच म्हणतो, रिफतभाई. नाव कोण विचारत बसतो?"

रिफतने तोच पाईप उचलून गिरीशच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"यालाही न्या," रिफत अँब्युलन्सवाल्याला म्हणाला. "याचं नाव सांगतो मी."