आजोबांच्या पांढऱ्या मिशा

आधीच सांगून टाकतो. भूतबाधा, अंगात येणं, स्वप्नात पूर्वज दिसणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझी उमर डार्करूममध्ये गेली. अंधारात काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं, हा फरक मला चांगला कळतो. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

आमचं गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी एकोणीस वर्षांचा. खामगावात एका फोटो स्टुडिओत फिनिशिंगचं काम करायचो. म्हणजे फोटोवरचे डाग ब्रशनं झाकायचे, फिक्या पडलेल्या भुवया भरायच्या. मालकांना आम्ही मास्तर म्हणायचो.

माझे आजोबा तुळशीराम पहिल्या लढाईत शिपाई म्हणून इराकातल्या बसऱ्याकडे गेले, तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. जहाजावर चढण्याआधी छावणीत काढलेला एक फोटो आजोबांनी पोस्टानं घरी पाठवला. त्यानंतर आलं ते सरकारी पत्र — ‘बेपत्ता’. मेले, असं कुणीच लिहून दिलं नाही. त्या एका शब्दावर माझी आजी तीस वर्षं कुंकू लावत होती.

गावानं हे पचवलं होतं. पण माझ्या बहिणीचं, शांताचं लग्न बीबी गावात ठरलं आणि तिकडच्या मंडळींनी आडून आडून विचारलं — तुमची म्हातारी हळद लावणार का? लावणार तर सवाष्ण म्हणून?

बाबा वाईट नव्हते. त्यांना मांडवात तमाशा नको होता, एवढंच. एका रविवारी मी घरी असताना त्यांनी आजीपाशी विषय काढला.

“माय, या पोराकडून त्याच्या आजाचा फोटो साफ करून मोठा करून घेऊ. हार घालून भिंतीवर लावू. लग्नाआधी मरणाचे विधी उरकून टाकू.”

आजी तूर पाखडत होती. सूप काही थांबलं नाही.

“फोटो लाव ना. हार काऊन घालतं?”

“तीस वर्सं झाले, माय!”

“मले माहीत नाही का? तुले कोनं सांगतलं थे मेले म्हणून?”

बाबा उठून वावरात निघून गेले. जाता जाता मला म्हणाले, “तू घेऊन जाय फोटो.”

फोटो पोस्टकार्डाएवढा होता. पत्र्याच्या पेटीत ओल लागून तो खराब झाला होता. फेटा, कोट, कमरेचा पट्टा, मुडपलेला डावा हात, सगळं ठीक. पण फेट्याखालपासून कॉलरपर्यंत कागदाचा वरचा थरच उडालेला. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा खड्डा. मला कळायला लागल्यापासून तो असाच. आजोबांचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. मास्तरांनी सुचवलं, मोठी कॉपी काढ आणि बाबांच्या चेहऱ्यावरून अंदाजानं रंगव.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी फोटो कॅमेऱ्यासमोरच्या फळीला टाचला. उत्तरेच्या खिडकीचा स्वच्छ उजेड. फोटोच्या काचेच्या प्लेटचा नवा डबा मी स्वतः फोडला, वरची पहिलीच प्लेट घेतली. एक्स्पोजर दिलं, लाल दिव्यात धुतली, हायपोच्या द्रावणातून काढून खिडकीशी धरली...

चेहरा होता.

निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं. मिशा काळ्याभोर दिसत होत्या. म्हणजे माणसाच्या मिशा पांढऱ्या होत्या. मी छाप काढला. तोच फेटा, तोच तरण्या शिपायाचा कोट, आणि वर साठीच्या माणसाचा चेहरा. गाल बसलेले, डोळ्यांखाली सुरकुत्या. मान कॉलरमध्ये नीट बसलेली, कुठेही जोड नाही. उजव्या कानाची पाळी खालून चिरलेली.

मूळ फोटो फळीवर तसाच होता. खड्ड्यासकट.

मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. “डबल एक्स्पोजर आहे बे. वापरलेली प्लेट घेतली तू.”

“मास्तर, डबा आताच फोडला.”

“मंग कारखान्यातली चूक. दुसरी काढ.”

दुसरी काढली, तिसरी काढली. दोन्हींत खड्डाच आला. मास्तरांनी तिन्ही प्लेटा शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, असा म्हातारा आपल्याकडे फोटोला कधी बसलेला नाही.

भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. पाहिलेलं पटत नव्हतं, त्याची चीड मात्र येत होती.

शनिवारी छाप घेऊन घरी गेलो. बाबांनी पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि मला परत दिला. मी आजीच्या हातात दिला. तिनं तो दारातल्या उजेडात नेला.

“कान पाह्यला का?” ती म्हणाली. “लग्न झालं त्याच सालचं हाय हे. बैलानं शिंग मारलं होतं.”

हे बाबांनासुद्धा माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

“म्हातारे झाले हो...” आजी स्वतःशीच बोलली. मग तिला हसू आलं. “आन् मिशा पाह्य केवढ्या वाढवल्या!”

तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी बीबीला निरोप धाडला — पहिली हळद आमची माय लावणार. जमत नसेल तर आत्ताच सांगा. तिकडून दोन दिवस काही आलं नाही. शांता जेवली नाही. तिसऱ्या दिवशी व्याही स्वतः आले, चहा प्याले आणि मांडवाचं बोलून गेले. आजीनंच हळद लावली.

बाबांनी तो छाप घेऊन छावणीच्या कचेरीत खेटे घातले, नागपूरला अर्ज केले. कुठूनच काही कळलं नाही.

दोन वर्षांनी, माघातल्या एका दुपारी, आम्ही जेवत होतो. आजी वाढता वाढता थांबली. परातीत हात धुतले, मागच्या दारी गेली आणि कपाळ धुऊन आली. रडली नाही.

“आज गेले,” ती बाबांना म्हणाली. “आता कर तुह्ये विधी.”

पत्र नव्हतं, तार नव्हती, कुणी माणूस आला नव्हता. बाबा ताटावरून उठले आणि आंघोळीला गेले.

मास्तर शेवटपर्यंत कारखान्याची चूक म्हणत राहिले. असेलही. पण त्या चुकीला चिरलेला कान कुठून मिळाला? आमच्या घरी अजून माघातल्या त्याच तिथीला आजोबांचं पान वाढतात. तिथी बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहायला कुठलाच कागद आमच्यापाशी नाही.