स्लेड ऐकत नाही

सचिनने काउंटरवर दोन पोलादी पट्ट्या ठेवल्या आणि विचारलं, "काका, यापेक्षा लांब कार्बाइडवाल्या मिळतील का?"

मी पट्ट्या हातात घेऊन बघितल्या. जवळजवळ नव्या होत्या. धार शाबूत होती.

"या कधी बसवल्या?"

"आत्ताच. त्याच्या आधी आखूड होत्या. त्याही इथूनच घेतल्या होत्या. प्रत्येक वेळी अपग्रेड करतोय, पण प्रॉब्लेम वाढतोच आहे."

माझं काम स्नोमोबिल दुरुस्त करण्याचं. बर्फावर चालणारी मोटरसायकल, एवढं समजलं तरी पुरे. इथे सगळे तिला स्लेड म्हणतात. मागे रबराचा रुंद पट्टा फिरतो आणि गाडी ढकलतो. पुढे चाकाच्या जागी दोन स्की असतात, हँडल फिरवलं की त्या वळतात. पुण्याजवळ दुचाकीच्या कारखान्यात मी टेस्टिंगला होतो. कॅनडात आल्यावर वॉन शहरातल्या गोदामांमध्ये फोर्कलिफ्ट दुरुस्त केल्या आणि मग उत्तरेकडच्या या तळ्याकाठच्या गावात येऊन स्थिरावलो. तळं आपलं म्हणायचं, पलीकडचा काठ दिसत नाही.

आता त्या पट्टीबद्दल. स्कीच्या तळाला मधोमध, स्कीच्या लांबीने, एक पोलादी पट्टी नटांनी घट्ट बसवलेली असते. तिला रनर म्हणतात. रनरच्या मधल्या भागात कार्बाइडची धार असते, पोलादापेक्षा कितीतरी कठीण. वळताना ही धार बर्फात रुतते, म्हणून स्लेड वळते. धार झिजली की हँडल कितीही फिरवा, स्की घसरत सरळच जाते. धार जितकी लांब तितकी पकड जास्त. हे इंटरनेटवर कोणीही सांगेल आणि ते खरंही आहे. सचिनने ते वाचलं होतं आणि पाठ केलं होतं.

सचिन पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, घरूनच काम करणारा. प्रेशर कुकर घ्यायचा तरी आधी रिव्ह्यू वाचणारा माणूस. त्याची बायको मेधा दाराजवळच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. ती नागपूरची, होम केअर नर्स. तळ्यात एक बेट आहे. थंडीत फेरीबोट बंद होते, पण बेटावरची म्हातारी माणसं काही थंडीपुरती बरी होत नाहीत. कोणाच्या पायाचं ड्रेसिंग असतं, कोणाचं इन्सुलिन. मेधा गोठलेल्या तळ्यावरून स्लेड घेऊन त्यांच्याकडे जायची. म्हणजे स्लेड चालवणारी ती होती.

तळ्यावरच्या रस्त्याला इथे एक पद्धत आहे. ख्रिसमस झाला की लोकांनी टाकून दिलेली झाडं गोळा करतात आणि बर्फात दोन ओळींनी रोवतात. त्या दोन ओळींच्या मध्ये बर्फाची जाडी तपासलेली असते. ओळीबाहेर कोणी हमी देत नाही. एका ठिकाणी बेटाजवळ खाली पाण्याला ओढ आहे आणि तिथे ओळीबाहेरचा बर्फ कायम पातळ राहतो.

"नेमकं काय होतं?" मी मेधाला विचारलं.

"ऐकत नाही," सचिन म्हणाला.

"कसल्या बर्फावर? मऊ की कडक?" मी पुन्हा मेधाकडेच बघून विचारलं.

"बर्फात वळतच नाही, काका," सचिन म्हणाला. "मी स्वतः टेस्ट केलीय. घरामागे. दोनदा."

आपल्या भाषेची इथे पंचाईत होते. भुरभुरणारा तोही बर्फ आणि दगडासारखा तोही बर्फ. स्लेडच्या धंद्यात मात्र या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

तेवढ्यात आतून ग्लेन आला. ग्लेन दुकानाचा मालक. पार्ट्सचं काउंटर तोच बघतो, मी मागे सर्व्हिसमध्ये असतो. त्यामुळे आधीच्या दोन्ही खेपांना सचिनची गाठ त्याच्याशी पडली होती.

"हे! द स्लेड इज स्टिल नॉट लिसनिंग?" ग्लेनने हसत विचारलं.

मी सचिनकडे बघितलं. "तू याला इंग्लिशमध्ये असं सांगितलंस?"

"मग काय सांगणार? मेधा म्हणाली, स्लेड ऐकत नाही. मी तेच सांगितलं."

ग्लेनला ते वाक्य इतकं आवडलं होतं की त्याने गावभर केलं होतं. मलाही सांगितलं होतं, पण कोणाचं ते सांगितलं नव्हतं. त्याने अर्थ काढला तो असा: हँडल वळवलं तरी स्लेड वळत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत याला पुश म्हणतात, स्लेड सरळ पुढे ढकलली जाते. पुशवर औषध म्हणजे जास्त धार. ग्लेनने ते दिलं. रोग पुश असता तर औषध बरोबर होतं.

"शिंडी, सगळ्यात लांब सेट आहे तो लाव आणि त्यांना मोकळं कर," ग्लेन मला म्हणाला. शिंदे त्याला अजून जमत नाही.

"आधी मला तिला चालवताना बघायचंय."

"आपण ड्रायव्हिंग स्कूल नाही काढलेलं."

"तिसऱ्यांदा परत आले, तर आणखी लांब सेट कुठून आणणार आहेस?"

ग्लेनने हात वर केले आणि फोन घ्यायला गेला.

मी बाकाजवळ गेलो. "मेधा, तू सांग. हँडल वळवल्यावर वळत नाही, की न वळवता वळते?"

तिने सचिनकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "न वळवता. मी धरलंय सरळ, अन् ती घुसते डावीकडं. मी ओढून आणते, तर लगेच उजवीकडं. परवा झाडांच्या बाहेर गेली ना जी ती. बेटाजवळच. मागून सुपरवायझर येत होती, तिनं बघितलं."

"मग?"

"सोमवारी ती पुन्हा माझ्यामागे येणार आहे. स्लेड एकदा जरी लाइनबाहेर गेली तर बेट माझ्याकडून काढून घेणार. इकडचे पेशंट देणार." ती हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "काका, मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू. पण मला बेट सोडायचं नाही. तिथं आजोबा आहेत एक, पायाला जखम आहे त्यांच्या. आत्ता कुठं भरून यायला लागली. दुसरं कोणी तयारच नाही तिकडं जायला."

सचिन म्हणाला, "हे तू मला असं डिटेलमध्ये कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं ना. ऐकत नाही म्हटलं."

मला हसू आलं आणि कीवही आली, कोणाची ते सांगता येणार नाही. एकच वाक्य, दोन रोग. हँडल फिरवूनही न वळणारी स्लेड ऐकत नाही आणि न सांगता भलतीकडे जाणारीही ऐकत नाही. मुलांबद्दलही आपण दोन्ही अर्थाने तेच म्हणतो. पण मुलांना रनर बसवायचे नसतात.

आम्ही त्याच पट्ट्या त्यांच्या ट्रेलरवरच्या स्लेडला परत बसवल्या आणि ती मागच्या मैदानात नेली. तिथे रात्रीचा ताजा स्नो गुडघाभर पडला होता.

"आधी तू," मी सचिनला म्हटलं. "घरी टेस्ट करतोस तशीच कर."

त्याने गॅस दिला, हँडल वळवलं, स्लेड नाकासमोर निघून गेली. तो विजयी चेहऱ्याने परत आला. "बघा! वळते का?"

"नाही वळत," मी म्हटलं. "अरे, मऊ स्नोत धार रुतणार कशात? खाली कडक काही लागतच नाही. तिथे स्कीचा आकार कामाला येतो, कार्बाइड नाही. आणि वळताना तू गॅस सोडत नाहीस. गॅस दिला की वजन मागे जातं, स्की हलक्या होतात. गॅस सोड, मग वळव."

त्याने तसं केलं. स्लेड वळली. तो परत आला तेव्हा चेहरा थोडा उतरला होता.

"आता मेधा."

"तिला इथे नाही जमणार, काका, स्नो खूप डीप आहे."

"तिला इथे चालवायचंच नाहीये. ती रोज कुठे चालवते?"

मैदानाच्या पलीकडून गावची ट्रेल, म्हणजे स्लेडची वाट, जाते. शनिवार-रविवारी तिच्यावरून एवढ्या स्लेड जातात की सगळं दाबून कडक होतं आणि प्रत्येकाच्या रनरची खाच त्यात उमटते. खाचांवर खाचा. तळ्यावरचा रस्ताही असाच असतो. मेधा ट्रेलवर आली आणि मी चालत बाजूने गेलो. तिने हँडल अगदी सरळ धरलं होतं. स्कीची टोकं मात्र डावीकडे ओढली गेली, मग झटका बसून उजवीकडे. तिचे खांदे प्रत्येक झटक्याला हलत होते. थोड्याच अंतरावर स्लेड ट्रेलच्या कडेला जाऊन थांबली. तिने हातमोजे काढून मनगटं चोळली.

आमच्या भाषेत याला डार्ट म्हणतात. पुशच्या बरोबर उलटा रोग.

आत आणून स्लेडचं पुढचं अंग स्टँडवर उचललं. आधी दोन गोष्टी बघायच्या असतात. स्कीच्या सांध्यात ढिलाई आहे का, ते हलवून बघितलं. नव्हती. मग दोन्ही स्की एकमेकींना सरळ आहेत का, ते दोरी लावून बघितलं. पुढून किंचित फाकलेल्या लागतात, तेवढ्याच होत्या. म्हणजे दोष रनरचाच होता. ग्लेन कॉफी घेऊन बघायला आला. सचिन वाकून स्कीखाली बघत होता.

"मेधा, तू गावाकडे सायकल चालवलीस?"

"मामाकडं जायचो ना आम्ही, मौद्याच्या पुढं."

"बैलगाडीच्या चाकोरीत सायकलचं चाक गेलं की काय व्हायचं?"

"आपटायचो," ती पटकन म्हणाली. मग स्कीकडे बघून थांबली. "अच्छा. ही चाकोरीत पडते?"

"तेच. दुसऱ्यांच्या रनरनी पाडलेल्या चाकोऱ्या. तुझी धार त्यात पडते आणि चाकोरी नेईल तिकडे जाते. धार जितकी लांब तितकी ती चाकोरी घट्ट धरून ठेवते. सचिनने दर वेळी आणखी लांब धार आणली."

सचिन सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मीच वाढवत होतो."

"तू तुझ्या घरामागचा रोग बरा करत होतास," मी म्हटलं. "तोही झाला नाही, ते वेगळं."

यावरचा उपाय म्हणजे ड्युअल रनर. एकाच्या जागी दोन समांतर पट्ट्या, शेजारी शेजारी, दोन्हींची धार आखूड. एक चाकोरीत पडायला गेली तर दुसरी काठावर टेकते आणि तिला पडू देत नाही. वळताना दोन्ही धरतात, त्यामुळे पकडही जात नाही. तोटा एवढाच की हळू चालवताना हँडल थोडं जड लागतं. मी मेधाला तसं आधीच सांगितलं.

"जड चालेल," ती म्हणाली. "ओढणारं नको."

तिच्या स्कीला बसणारा एक जोड आमच्याकडे होता, पण ग्लेनने तो दुसऱ्या कोणासाठी बाजूला ठेवला होता. मी त्याला म्हटलं की बेटावरच्या आजोबांचं ड्रेसिंग सोमवारी आहे आणि तुझ्या गिऱ्हाइकाची नुसती मजेची राइड. तो स्वतः जाऊन जोड घेऊन आला.

बसवल्यावर मेधाला पुन्हा ट्रेलवर पाठवलं. ती खाचांवरून सरळ गेली. पुढे जाऊन वळली आणि सरळ परत आली. उतरताना हेल्मेट काढायचंही विसरली.

"हँडल शांत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला असल्या वेळी काय करावं ते सुचत नाही, म्हणून मी नट पुन्हा आवळले.

सोमवारी दुपारी दुकानात फोन आला. पलीकडे मेधा होती.

"झालं, काका. जाऊन आले. सगळी वाट झाडांच्या मधून. त्या बेटाजवळच्या वाकड्या जागेवरनंही सरळ गेले."

"आणि सुपरवायझर?"

"बेट माझ्याकडंच. ती म्हणाली, तिच्या स्लेडलापण ते दोन-दोन लावून द्या. येईल ती तुमच्याकडं." मग जरा थांबून म्हणाली, "आजोबांची जखम बरीच भरली."

मला बरं वाटलं. पगार मिळतो त्यापेक्षा वेगळं बरं वाटलं.

"म्हणजे स्लेड ऐकते आता," मी म्हटलं.

"ऐकते ना."

"आणि सचिन?"

मागून सचिनचा आवाज येत होता. तो तिला सांगत होता की काकांना हेही सांग, तेही विचार, थांब, मीच बोलतो. मेधा हसली.

"त्याला अजून ड्युअल बसवायचे राहिलेत," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात न देता ठेवून दिला.

ग्लेनला मी नंतर पुश आणि डार्टची गोष्ट मराठीसकट समजावली. आता कोणी देशी माणूस काउंटरवर येऊन नॉट लिसनिंग म्हणाला की तो हसत नाही. "हू'ज रायडिंग इट?" एवढंच विचारतो आणि उत्तर देणाऱ्याकडे न बघता त्याच्या मागे बाकावर कोण बसलंय ते बघतो.