पोळपाटाचं मोबाईल कव्हर

मुलीनं सुटे भाग आणून घरीच मोबाईल जोडला. टेबलावर तो उघडाच पडलेला, आतल्या तारा दिसत होत्या. आमची ही असती तर ओरडलीच असती, "झाका ते आधी!" रेडिओ म्हणू नका, मिक्सर म्हणू नका, तिनं घरात काही उघडं ठेवलं नाही.

असल्या मोबाईलला बाजारात कव्हर मिळत नाही. मी जन्माचा सुतार. हिचा शिसवी पोळपाट काढला न् करवत लावली.

"बाबा, आईची आठवण कापताय?" मुलगी रडायलाच लागली.

"मग काय फळीवर ठेवून नमस्कार करू? ती गेल्यापासून त्यावर कुणी पोळी लाटली का?"

माणूस गेलं की लोक त्याच्या वस्तूंनाही सुतकात बसवतात. मी नाही बसवणार. बसून राहिलेल्या लाकडाला कीड लागते, माणसालाही लागते.

मोबाईलच्या मापाची खाच कोरून कानस मारताना लाकडातून पिठाचा वास आला. डोळे भरले, पण हात थांबवला नाही. मोबाईल त्यात घट्ट बसला.

"जड झाला हो, बाबा," मुलगी म्हणाली.

"होऊ दे. तुझी आईही काही हलकी बाई नव्हती."