पांढऱ्या रंगाखालचा चेहरा
टर्पेंटाइनचा वास आला की मला कुवेतमधल्या सालमिया भागातल्या त्या स्विस बाईंचं घर आठवतं. मी तेव्हा तिथल्याच राई भागातल्या एका दुकानात चित्रांना फ्रेम करायचो. बाई चित्रकार होत्या, तरुणपणीच कुवेतला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत राहिल्या. आता सगळं आवरून त्या मायदेशी निघाल्या होत्या. मी चित्रं पॅक करायला गेलो तेव्हा बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं, खोलीतला उजेड तांबूस झाला होता आणि बाई एका चित्रावर पांढरा रंग फासत होत्या. खाली शाळकरी मुलीचा चेहरा होता. "मॅडम, एवढं चांगलं चित्र का पुसताय?" मी विचारलं. "आखाती युद्धानंतर शाळा उघडली, तेव्हा ही परत आलीच नाही," त्या म्हणाल्या. "आठवून आठवून काढली मी तिला. कितीदा पुसली, पण रंग सुकला की डोळे वर येतात. हिला घेऊन मला घरी जाता येणार नाही. तू ने." खरंच, त्या ओल्या पांढऱ्यातूनही दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मी चित्र उचललं आणि सवयीने पेन्सिल काढून विचारलं, "मागे नाव काय लिहू?" बाई दाराला टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तेच तर आठवत नाही." आता ती अब्बासियातल्या माझ्या खोलीत, खाटेसमोरच्या भिंतीवर आहे. कामावरून आलो की मी तिला रोज एका वेगळ्या नावाने हाक मारतो आणि थोडा वेळ थांबतो.