बसकडं पाठ करून

इंदापूरहून बारामतीला येताना आमची एसटी कालव्याच्या अरुंद पुलावर उसाच्या ट्रॅक्टरसमोर अडकली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, म्हणजे एसटीच मागं घ्यायची. पुलाचा कठडा तुटलेला. आम्ही सगळे खाली उतरलो आणि ज्यांना धड सायकल येत नाही तेही ओरडून ड्रायव्हरला शिकवू लागले.

तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक ताठ आजोबा पुढं झाले. "सगळी गप ऱ्हावा! ड्रायव्हर, तू फक्त कंडक्टरची शिट्टी ऐकायची." एवढं बोलून ते बसकडं पाठ करून उभे राहिले.

कंडक्टर मागं जाऊन चाकावर नजर ठेवून शिट्टी देऊ लागला. मागचं चाक कडेला आलं. मी म्हणालो, "आबा, बघा तरी!"

"मी बघाय लागलो की कंडक्टर चाक सोडून माझ्या तोंडाकडं बघंल. फौजेत ब्रिगेड सांभाळली मी. हुकूम द्यायला लवकर शिकलो. दिल्यावर गप ऱ्हायला लई वर्षं गेली."

पाठीमागं आवळलेल्या त्यांच्या मुठी पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

एसटी सुखरूप पुलाबाहेर आली. सगळ्यांनी कंडक्टरची पाठ थोपटली. आजोबांकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

"आणि कालव्यात गेली असती तर?" मी विचारलं.

बसमध्ये चढता चढता ते म्हणाले, "तर कुणालाबी कंडक्टरला बोल लावू दिला नसता. हुकूम माझा हुता."